मेणाचा वास आणि जंगलाचं नाव



इतिहास म्हटलं की आपल्याला कागद लागतो, शिलालेख लागतो, निदान एखादा पडका किल्ला तरी लागतो. चंद्रपूरकरांना तर गोंड राजांचा परकोट रोज डोळ्यांसमोर आहे. वासाचं तसं नाही. वास उडून जातो. पण उडून गेलेला वास मागे बऱ्याच गोष्टी ठेवतो. जकातीच्या नोंदी ठेवतो, जंगलाचे ठेके ठेवतो, कायदे ठेवतो, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नावं ठेवतो. त्या नावांच्या मागे गेलं की कुणी पिकवलं, कुणी विकलं आणि कुणी श्रेय घेतलं, हे कळायला लागतं. आज आपण एका वासाचा असा पाठलाग करणार आहोत. तो वास आहे मेणाचा.

कोणता म्हणाल, तर मेणबत्ती फुंकून विझवली की वातीतून जी पांढरी रेघ वर जाते, तिचा. थोडा तेलकट, थोडा मेणचट, किंचित घशाला लागणारा. अत्तराच्या धंद्यात हा वास देणारी द्रव्यं आहेत, त्यांना सरसकट 'अल्डिहाइड' म्हणतात. रसायनशास्त्रात अल्डिहाइड हा शब्द फार मोठ्या कुटुंबाला लागू होतो. व्हॅनिला, दालचिनी, कडू बदाम यांचे वाससुद्धा अल्डिहाइडचेच. पण अत्तरवाला नुसता 'अल्डिहाइड' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आठ ते बारा कार्बनच्या सरळ साखळीची भावंडं असतात. सी-८, सी-९, सी-१०, सी-११, सी-१२, अशी त्यांची नावं. सी म्हणजे कार्बन आणि पुढे साखळीतल्या कड्यांची संख्या. इतकी कोरडी नावं, आणि काम मात्र जादूचं.

जादू अशी की यातलं सी-१२ बाटलीतून सरळ नाकाशी धरलं तर आपण तोंड फिरवू. चरबी, मेण, जुनं तेल असं काहीतरी आठवेल. पण तेच शंभर पट, हजार पट पातळ करा. आता तो वास स्वच्छ वाटायला लागतो. नुकत्याच इस्त्री केलेल्या सुती कपड्यासारखा, थंड हवेसारखा. शिवाय फुलांच्या वासात त्याचे दोन थेंब पडले की फुलं जणू अंगणातून दिवाणखान्यात येतात. वास उठतो, पसरतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळं पॅरिसचं कौतुक आहे, आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचा याच्याशी काय संबंध? संबंध आपल्या घरातूनच सुरू होतो. कोथिंबीर घ्या. कोथिंबिरीच्या पानाच्या वासात सी-१० अल्डिहाइड आणि त्याचं एक जवळचं भावंड हेच मुख्य आहे. काही लोकांना कोथिंबिरीला साबणाचा वास येतो, ते नाटक करत नाहीत. २०१२ साली झालेल्या एका अभ्यासात या तक्रारीचा धागा वासाच्या एका जनुकापर्यंत पोचला, आणि तो जनुक अल्डिहाइड ओळखणारा निघाला. नागपुरी संत्रा घ्या. सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनिन असतं, पण साल मोडल्यावर जो टवटवीत फवारा नाकात जातो त्याला संत्र्याची ओळख देण्यात सी-८ आणि सी-१० या थोड्याशा अल्डिहाइडांचा मोठा वाटा आहे. मधाच्या पोळ्याचं मेण घ्या. आग्या मोहोळाचं पोळं पिळून मध काढला, मेण वितळवून वडी केली, तर तिच्या वासात सी-९ आणि सी-१० आहेतच. म्हणजे 'मेणचट' हा नुसता उपमेचा शब्द नाही. खऱ्या मेणात खरोखर तेच द्रव्य आहे.

आणि चौथं उदाहरण आपल्या जंगलाचं. मोहाची टोळी. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात हे सगळ्यांना माहीत. त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडाशी फळं येतात, त्यातली बी म्हणजे टोळी. तिचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. गडचिरोलीत पिढ्यान्‌पिढ्या ते खाण्यात आलं, दिव्यात जळलं, अंगाला लागलं. या तेलात सगळ्यांत मोठा हिस्सा ओलिक आम्लाचा असतो. ओलिक आम्ल म्हणजे अठरा कार्बनची साखळी, आणि तिच्या बरोबर मध्यावर, नवव्या आणि दहाव्या कार्बनच्या मधे, एक कच्चा सांधा. तेल उघडं राहिलं, हवा लागली, की प्राणवायू त्या सांध्याभोवती घाव घालतो आणि साखळी तुटते. तुकडे काय पडतात? आठ, नऊ, दहा कार्बनचे अल्डिहाइड. आपली आजी ज्याला 'तेलाला वास लागला' म्हणायची, तोच हा वास. अत्तरवाला त्याच तुकड्यांना वेगळं काढून, शुद्ध करून, मोजून मापून वापरतो. घरात जो बिघाड, तो तिकडे घटक. फरक फक्त मात्रेचा आणि नेमकेपणाचा आहे.

आता जरा युरोपात जाऊ. अल्डिहाइड हा शब्द जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८३५ मध्ये बनवला. अल्कोहोलमधला हायड्रोजन काढून घेतला की जे उरतं ते, अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचे तुकडे जोडून. पुढची पन्नास वर्षं हा प्रयोगशाळेतला विषय होता. अत्तराच्या धंद्यात रसायनशाळा शिरली ती १८८० च्या दशकात. १८८२ मध्ये हुबिगाँ या फ्रेंच पेढीने कुमारिन घालून एक अत्तर काढलं, १८८९ मध्ये गेर्लां पेढीच्या 'जिकी'त व्हॅनिलिन आलं. मग आले जॉर्ज दार्झाँ. हे रसायनशास्त्रज्ञ एल. टी. पिव्हेर या अत्तराच्या पेढीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. अल्डिहाइड तयार करण्याची त्यांची पद्धत १९०४ च्या सुमाराची, आणि ती आजही त्यांच्या नावाने शिकवली जाते. त्याच पेढीचं १९०५ चं 'रेव्ह दॉर' हे अल्डिहाइड वापरणाऱ्या पहिल्या अत्तरांपैकी एक. १९१२ मध्ये हुबिगाँचं 'केल्क फ्लेर' आलं. आणि १९२१ मध्ये एर्नेस्ट बो या, मॉस्कोत जन्मलेल्या अत्तरकाराने शानेलसाठी 'नंबर पाच' बनवलं. त्यात या मेणचट भावंडांची मात्रा इतकी ठळक होती की अत्तराच्या इतिहासात त्याआधीचं आणि त्यानंतरचं असे दोन काळ पडले. बो यांनी पुढे सांगितलं होतं की उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात, मध्यरात्रीच्या सूर्याखाली तळ्यांना जो ताजेपणा असतो, तो त्यांना पकडायचा होता.

उत्तर ध्रुवाची तळी ठीक आहेत. पण त्यांच्या बाटलीतल्या सी-११ चा कच्चा माल कोणता? एरंड.

(श्रोत्यांत हशा.)

हसू नका. आपल्याकडे निरर्थक लांबण लावणाऱ्याला 'एरंडाचं गुऱ्हाळ' म्हणतात, आणि ते आज माझ्यावर उलटू नये एवढीच काळजी आहे. पण एरंडाला रसायनशास्त्रात तोड नाही. एरंडेलात रिसिनोलिक नावाचं आम्ल ८५ ते ९० टक्के असतं. हीही अठरा कार्बनची साखळी, पण हिला बाराव्या कार्बनवर एक जास्तीची फांदी आहे. या फांदीमुळे तेल पाचशे-साडेपाचशे अंशांच्या वर तापवलं की साखळी वाटेल तिथे न तुटता अकराव्या आणि बाराव्याच्या मधेच तुटते. हिशेब सोपा आहे. अठरा म्हणजे अकरा अधिक सात. सातचा तुकडा हा स्वतःच अल्डिहाइड. त्याच्यापासून जाईजुईच्या वासाचं एक स्वस्त द्रव्य बनतं, जे जगभरच्या साबणांत जातं. अकराचा तुकडा म्हणजे अनडेसिलेनिक आम्ल. त्याच्यापासून गजकर्णाचं मलम होतं, एक प्रकारचं नायलॉन होतं, आणि 'सी-११ अनडेसिलेनिक' हा तो मेणचट, ताजा वासही होतो.

याच अकरा कार्बनच्या आम्लापासून पीच फळाच्या वासाचं एक द्रव्य निघतं. १९१९ मधल्या 'मित्सुको' या अत्तराने ते गाजवलं. धंद्यात त्याचं नाव 'अल्डिहाइड सी-१४'. गंमत अशी की ते अल्डिहाइड नाही, आणि त्यात कार्बनही चौदा नाहीत, अकराच आहेत. धंद्यातलं गुपित राखण्यासाठी लावलेलं नाव. नावांवर विश्वास ठेवायचा नाही, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

एरंड कुठून जायचा? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एरंडाच्या बियांचा जगातला मोठा निर्यातदार हिंदुस्थान होता. शेताच्या धुऱ्यावर, उकिरड्याच्या कडेला, कुठंही वाढणारं हे झाड. आपल्याकडे त्याचं तेल दिव्यासाठी, चामड्यासाठी, गाडीच्या आसासाठी आणि लेकरांच्या पोटासाठी. रेल्वे आली तेव्हा तिच्या दिव्यांतही एरंडेल जळलं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांना वंगण म्हणून हेच लागलं. 'कॅस्ट्रॉल' हे वंगणाचं प्रसिद्ध नावसुद्धा एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच आलेलं आहे. पण इथून तेल कमी आणि बी जास्त जायची. मार्सेय आणि हलसारख्या बंदरांत ती पेरली जात नव्हती, पिळली जात होती. का? कारण बी टिकते. पोत्यात भरा, जहाजात टाका, तीन महिन्यांनी उघडा, काही बिघडत नाही. जे टिकतं ते निघून जातं. आणि ते निघून गेलं की पुढची प्रत्येक पायरी, पिळणं, तोडणं, शुद्ध करणं, नाव देणं, तिकडेच होते.

याच्या अगदी उलट एक उदाहरण आता घेऊ, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. रोशा गवत. आपल्याकडे त्याला तिखाडीही म्हणतात. आयुर्वेदाच्या निघंटूंत 'रोहिष' नावाने येतं. ताडोब्यापासून सातपुड्यापर्यंतच्या कोरड्या सागवानी जंगलात, उघड्या उतारांवर वाढणारं गवत. पात चुरगाळली की गुलाबासारखा वास. शास्त्रीय नावात 'मार्टिनी' आहे, ते क्लॉड मार्टिन या फ्रेंच लष्करी माणसावरून. लखनौची ला मार्टिनिएर शाळा ज्याच्या नावाची आहे, तोच. टिपूविरुद्धच्या १७९०-९२ च्या लढाईत तो दख्खनच्या पठारावर होता, तिथे त्याला हे गवत दिसलं, त्याने बी कलकत्त्याला रॉक्सबर्गकडे दिलं आणि गवताला त्याचं नाव लागलं. तिखाडी कापणाऱ्यांना ते गवत आधीपासून माहीत होतं, पण त्यांचं नाव लागण्याची काही पद्धत नव्हती.

रोशाच्या तेलाचं मोठं केंद्र चांदा नव्हतं. ते होतं पश्चिम खानदेश आणि सातपुडा. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या धंद्याचं वर्णन आहे. पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या भागांत मिळून दोनशेच्या जवळपास भट्ट्या. पाऊस सरता सरता, गवत फुलोऱ्यात आलं की ओढ्याच्या काठी भट्टी लागायची. लोखंडी कढई, वर लाकडी झाकण, सांधे उडदाच्या पिठाने लिंपलेले, झाकणातून निघणारी बांबूची नळी, आणि नळीचं दुसरं टोक वाहत्या पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात. तेल कातडी बुधल्यांत भरून घाट उतरून सुरतेला, किंवा धुळे-मनमाडमार्गे मुंबईला. कोवळ्या गवताला 'मोतिया' म्हणत, पिकून लाल झालेल्याला 'सोफिया'. मोतियाला भाव चांगला, म्हणून त्यात सोफिया मिसळायची चाल होती. व्यापार म्हटला की भेसळ आलीच.

पण खरी भेसळ पुढे होती. हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने कॉन्स्टँटिनोपलला पोचायचं. तिथे त्याला लिंबाच्या रसाने धुवायचे, उन्हात ठेवून रंग उतरवायचे, आणि मग ते बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे. युरोपच्या बाजारात त्याचं नाव काय होतं माहीत आहे? 'तुर्की जिरेनियम तेल'. आता बघा. गवत सातपुड्याचं. ते तुर्की नाही. ते जिरेनियमही नाही, कारण जिरेनियम हे दक्षिण आफ्रिकेकडून आलेलं वेगळंच झाड. आणि विकलं जायचं गुलाब म्हणून. तीन नावं, तिन्ही खोटी.

ही चूक पुढे विज्ञानातही कायमची बसली. १८७१ मध्ये याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या 'भारतीय जिरेनियम तेला'तून मुख्य घटक वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं 'जिरॅनिऑल'. गुलाबाच्या वासाचा हा एक मुख्य घटक. रोशाच्या तेलात तो पाऊणशे टक्क्यांच्याही वर असतो. म्हणजे आज जगातल्या कुठल्याही साबणाच्या वेष्टनावर 'जिरॅनिऑल' असा शब्द छापलेला दिसला, तर समजायचं की हे नाव मुळात आपल्या तिखाडीच्या तेलावरून पडलं, फक्त पत्ता चुकला. या जिरॅनिऑलमधून दोन हायड्रोजन काढले की होतो सिट्रल, म्हणजे पुन्हा एक अल्डिहाइड, गवती चहाच्या वासाचा. लीबिगने शब्द बनवला होता तोच हा खेळ.

आता मघाचा प्रश्न. एरंडाची बी जहाजात बसून गेली, मग रोशाची भट्टी खानदेशात का राहिली? कारण गवत टिकत नाही आणि ते नेणं परवडत नाही. एक क्विंटल गवतातून निघून निघून अर्धा किलोच्या आसपास तेल निघतं, बऱ्याचदा त्याहून कमी. उरलेला सगळा भार निरुपयोगी. बैलगाडीत भरून तो मुंबईला कोण नेणार? म्हणून ऊर्ध्वपातनाची कला, म्हणजे वाफ काढून ती थंड करण्याची कला, जंगलातच राहिली. मजुरी जंगलात राहिली, कसब जंगलात राहिलं. नाव गेलं, पण हातातलं काम गेलं नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या जंगलांत पुढे रोशाच्या गवताचे ठेके लिलावाने जाऊ लागले. तेव्हा ठेकेदार बाहेरचा आला, पण भट्टी जागेवरच.

आणि ही भट्टी गोंड, माडिया, कोलाम यांच्या गावांना नवीन नव्हती. मोहाची दारू काढण्याची भट्टी याच तत्त्वावर चालते. खाली मडकं, वर मडकं, मधे नळी, बाहेरून थंड पाणी. एकाच विद्येच्या दोन वाटा झाल्या. गुलाबाच्या नावाने जाणारी वाट निर्यात ठरली आणि गावात प्यायली जाणारी वाट गुन्हा ठरली. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवर खास कायदा झाला. ठाणे, कुलाबा भागांत फुलं गोळा करणं आणि बाळगणं यावरच बंधनं आली, कारण सरकारी अबकारीचं उत्पन्न बुडत होतं. मध्य प्रांतातही भट्टी म्हणजे सरकारला द्यायचा कर. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. दारूने इथल्या बायकांनी काय सोसलं, आणि १९९३ च्या गडचिरोलीच्या दारूबंदीमागे त्यांचा किती मोठा लढा होता, याचं महत्त्व मला कमी करायचं नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. फुलावरच संशय घेतला गेला, तेव्हा मोहाचं दुसरं काहीही करण्याची वाट आवळली गेली. मोहफुलं गोळा करणं आणि वाहून नेणं यांवरची बंधनं राज्य सरकारने उठवायचं ठरवलं ते २०२१ मध्ये. मधे सव्वाशे वर्षं गेली.

या काळात मराठी माणसाने अत्तराच्या धंद्यात काहीच केलं नाही असं नाही बरं का. १९२१ ला पॅरिसमध्ये 'नंबर पाच' आलं आणि १९२२ ला मुंबईत एस. एच. केळकर आणि कंपनी सुरू झाली. पुढे मुलुंडचा कारखाना उभा राहिला, त्यांची 'कोब्रा' छापाची सुगंधी द्रव्यं देशभरच्या अगरबत्तीवाल्यांकडे आणि साबणवाल्यांकडे गेली. त्यांच्याच शिक्षणसंस्थेच्या मुलुंडमधल्या वझे महाविद्यालयात सुगंधशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. आपल्या विदर्भातलं उदाहरण म्हणजे नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीतून १९४२ मध्ये ती उभी राहिली आणि तेलतंत्रज्ञान हा तिथला जुना, नावाजलेला विषय. म्हणजे तेलाची साखळी कुठे तुटते आणि तुकड्यांचं काय होतं, हे शिकवणारी जागा गडचिरोलीपासून एका दिवसाच्या प्रवासावर होती. ज्ञान दूर नव्हतं. दूर होता तो हक्क.

दुसऱ्या महायुद्धानंतर अजून एक घाव बसला. १९५० च्या दशकापासून जिरॅनिऑल टर्पेंटाइनपासून मोठ्या प्रमाणावर बनायला लागलं. कारखान्यात, बारा महिने, एकाच दर्जाचं. रोशाच्या तेलाला सोफियाची भेसळ, पावसाचा भरवसा नाही, दर वर दर खाली. बाजार आटला. आता 'नैसर्गिक' म्हटलं की लोक पुन्हा जास्त पैसे द्यायला तयार होतात. पण इथे भावनेच्या भरात जायला नको. कोथिंबिरीतलं सी-१० आणि कारखान्यातलं सी-१० हा अगदी एकच रेणू आहे. नाकाला फरक कळत नाही, कळणारही नाही. 'नैसर्गिक तेवढं चांगलं, कारखान्यातलं तेवढं वाईट' हा युक्तिवाद रसायनशास्त्रात टिकत नाही. अख्ख्या तेलाचा वास वेगळा असतो, कारण त्यात एका रेणूऐवजी पन्नास असतात. जंगलाची बाजू मांडायची तर ती शुद्धतेच्या नावाने मांडू नका. ती वाट्याच्या नावाने मांडा.

आपल्याकडे म्हण आहे, पिकतं तिथं विकत नाही. आपण ती निसर्गनियमासारखी वापरतो. आज मी जो पाठलाग केला, त्यावरून मला वाटतं की म्हण अर्धीच खरी आहे. पिकतं तिथं विकत नाही, कारण विकण्याआधीची पायरी तिथून उचलून नेलेली असते. जे टिकतं, सुकतं, पोत्यात मावतं, ते आधी जातं. एरंडाची बी गेली. टोळी गेली. तेंदूची पानं सुकवून गेली. बांबू गेला, मोळ्या बांधून. जे टिकत नाही, त्याची पहिली प्रक्रिया गावात राहिली. म्हणून प्रश्न केवळ 'भाव किती' हा नाही. प्रश्न हा आहे, की माल गावाची सीमा ओलांडण्याआधी त्याचं काय करायचं, आणि तो कधी ओलांडायचा, हे ठरवणार कोण?

आणि इथे चंद्रपूर-गडचिरोलीचा इतिहास एकदम वर्तमान होतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा मालकी हक्क मान्य केला. त्या कायद्यातली व्याख्या कधी वाचून बघा. बांबू, टसरचे कोष, मध, लाख, तेंदूपान, औषधी वनस्पती, आणि या यादीत मधाला लागून एक साधा शब्द आहे, मेण. आपण ज्या वासापासून सुरुवात केली तो वास कायद्याच्या कलमात बसलेला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातलं हे अगदी पहिल्या काही गावांपैकी. पण हक्क मिळाला तरी बांबू बाहेर नेता येईना. भांडण कशावर अडलं? वाहतूक परवान्यावर! तो परवाना कुणी द्यायचा यावर. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती गेलं. अनेकांना तेव्हा वाटलं, एवढ्याशा पुस्तकाचं काय एवढं? आता तुम्हाला लक्षात येईल. जे टिकतं ते निघून जातं, तर निघण्याच्या दारावर कोण उभा आहे, यावरच सगळा इतिहास ठरतो. त्या पुस्तकाने दारावरचा माणूस बदलला. गेल्या दशकात जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूपानांचा लिलाव स्वतः केला, तो याच वाटेने.

आता तुम्ही विचाराल, मग गडचिरोलीत अत्तराचा कारखाना काढायचा का? मी असं म्हणत नाही. सी-११ बनवायला पाचशे अंशांची भट्टी, निर्वात पंप आणि शिकलेली माणसं लागतात, आणि जगातला एरंड आज मुख्यतः गुजरातेत पिकतो. मी म्हणतो ती गोष्ट लहान आहे. टोळी ओली विकायची, वाळवून विकायची, की तेल काढून विकायचं? उघड्या पिंपात ठेवलेलं तेल हवा लागून खराब होतं, म्हणजे ते साखळीचे तुकडे पडतात, हे कळलं तर बंद डब्यात, थंड जागी, भरून ठेवलेल्या तेलाला वेगळा भाव मागता येतो. मेण गाळून वडी करून विकलं तर वेगळा. तिखाडीची एक छोटी भट्टी ओढ्याकाठी लागली, तर तिला सरपण किती लागेल आणि ते जंगलाला परवडेल का, हा हिशेब ग्रामसभेनेच मांडायचा. कदाचित उत्तर 'नाही' येईल. पण उत्तर गावाने काढलेलं असेल.

शेवटी एक छोटं काम सांगतो. घरी गेल्यावर संत्र्याची साल ज्योतीजवळ चुरगाळा, कोथिंबिरीची काडी मोडा, आणि दिवे गेले तर मेणबत्ती विझवून तो धूर जरा हुंगा. तिन्हींत एकच भावंडं सापडतील. मग जवळच्या कुणाला तरी विचारा, टोळीचं तेल आमच्याकडे कधीपर्यंत काढत होते, घाणा कुठे होता, आणि तो कधी थांबला. जी उत्तरं मिळतील ती तारखेसह लिहून ठेवा. वास उडून जातो, पण या गोष्टी माहीत असलेली माणसं अजून आपल्यात आहेत, तोवर हा इतिहास लिहिता येईल.

आता प्रश्न विचारा.